नववीच्या वर्गातील कादंबरी



सात वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नववीच्या वर्गावर मी ‘प्रयोग’ शिकवीत होते. कर्मणी आणि भावे यांतील भेद दुपारच्या जेवणानंतर कोणालाच गोड लागत नाही. दोन-चार माना झुकलेल्या असावयाच्याच. परंतु त्या दिवशी शेवटून दुसऱ्या बाकावरची एक मान झोपेने झुकलेली नव्हती. व्याकरणाच्या पुस्तकाच्या पोटात दुसरे पुस्तक होते. मी जवळ गेले, ते उचलले आणि मधलेच एक पान उघडून पाहिले. वर्गातील मुलींविषयी मुलांचे आपसांत चाललेले बोलणे त्या पानावर होते. तेवढे मला पुरले. पुस्तक माझ्या कपाटात गेले आणि मुलीच्या वडिलांना दुसऱ्या दिवशी शाळेत येण्याचा निरोप गेला.

वडील रात्रपाळी संपवून लूम्सच्या खात्यातून परस्पर आले. सुरतेत कारखान्याला ‘खाते’ म्हणतात, हे बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगते. अंगावरच्या सदऱ्याला सुताचे तंतू चिकटलेले, डोळे तांबारलेले. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि हात जोडून म्हणाले, “बाई, आता तिच्या हाती पुस्तक दिसणार नाही.” दिलेला शब्द त्यांनी पाळला. ग्रंथालयाचे तिचे कार्ड त्यांनी बंद करून टाकले. पुस्तक ग्रंथालयाचे होते, ते माझ्या कपाटात पडून होते, आणि त्यावर रोजचा दंड चढत होता. हे माझ्या ध्यानात यावयास तीन आठवडे लागले.

ते पुस्तक म्हणजे मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी. २००४ साली ती प्रसिद्ध झाली, २०११ साली तिच्यावर चित्रपट निघाला, आणि मराठी घरांत तिची इतकी चर्चा झाली की मराठीच्या शिक्षिकेने ती वाचलेली नसावी ही लाजिरवाणीच गोष्ट होती. मी ती वाचलेली नव्हती. दंड भरून पुस्तक परत करावे या हेतूने एका शनिवारी घरी नेले आणि रात्री सहज उघडले. रविवारी मिस्साला जाण्याची घंटा झाली तेव्हा माझी वीस पाने राहिली होती.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. मुकुंद जोशी हा नववीतला मुलगा. काळ आणीबाणीचा, म्हणजे १९७५ नंतरचा. वर्गातील शिरोडकर नावाच्या मुलीकडे त्याचे मन ओढ घेते. वर्षभर तो तिची वाट पाहतो, तिच्या येण्याजाण्याच्या वेळा पाठ करतो, मित्रांत नाना गमजा मारतो, आणि ती समोर आली की त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही. पुढे ती मुलगी गाव सोडून जाते आणि मुकुंदाला दहावीत जावे लागते. कथानक म्हणाल तर एवढेच. परंतु चौदा वर्षांच्या मुलाचे मन किती भित्रे, किती निर्मळ आणि किती आचरट असते, हे इतक्या खरेपणाने सांगणारे पुस्तक मराठीत फारसे नाही. मी जे पान उघडले होते ते आचरटपणाचे होते. निर्मळपणाची पाने त्याच्या मागेपुढे होती, आणि ती मी पाहिलीच नव्हती.

सोमवारी त्या मुलीला मी बोलावले, दंडाचे सांगितले, आणि पुस्तक वाचल्याचेही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाई, मुलगे पण घाबरतात हे मला ठाऊक नव्हतं.”

एवढेच वाक्य. त्या वर्षी तिच्या वाटेत एक मुलगा रोज सायकल घेऊन उभा राहत असे, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्याच्या उभे राहण्याचा अर्थ तिला कोणी सांगितलेला नव्हता. आईला विचारण्याची सोय नव्हती, मैत्रिणी हसत, बाईंनी तर पुस्तकच काढून घेतले. चित्रपटांतला प्रियकर कधी घाबरत नाही. तो गातो, नाचतो, मुलीचा पाठलाग करतो आणि शेवटी जिंकतो. भीती दोन्ही बाजूंना असते ही साधी गोष्ट तिला एका कादंबरीने सांगितली. त्यानंतर त्या मुलाकडे पाहून ती पळाली नाही की भुललीही नाही. एके दिवशी सरळ जाऊन तिने त्याला सांगितले की इथे उभा राहू नकोस, लोक बोलतात. तो गेला. जे काम मी, मुख्याध्यापक आणि वडील अशा तिघांनी मिळून केले नसते, ते असे झाले.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. या वयाच्या मुलामुलींना, त्यांच्या या वयाविषयी, त्यांच्या भाषेत आपण काय वाचावयास देतो?

बालवाङ्मय आपल्याकडे चांगले आहे. गोट्या आहे, फास्टर फेणे आहे, ‘श्यामची आई’ तर १९३५ पासून घराघरांत आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. परंतु फास्टर फेणे चोर पकडतो, श्याम आईची आज्ञा पाळतो. दोघेही आरशासमोर उभे राहून आपल्या नाकाकडे पाहत बसत नाहीत. बारा वर्षांपर्यंतच्या वाचकाची आपण सोय केली आहे आणि वीस वर्षांनंतरच्या वाचकाचीही केली आहे. मधला जो पूल आहे त्याच्या फळ्या निखळलेल्या आहेत, आणि नेमक्या त्याच ठिकाणी मुलांचे पाय अडखळतात.

पहिल्या प्रेमाची मराठीत जी चांगली पुस्तके आहेत, ती बहुतेक मागे वळून पाहणाऱ्यांनी लिहिलेली आहेत. ‘शाळा’ १९७५ची आणि लिहिली गेली २००४ साली. प्रकाश नारायण संत यांचा लंपन घ्या. ‘वनवास’ १९९४ साली आले तेव्हा लेखकाचे वय साठीकडे झुकलेले होते. लंपनला सुमीविषयी जे काही वाटते त्याला तो नावही देऊ शकत नाही, इतके ते कोवळे आहे. पण ते वाचून डोळे पुसणारे वाचक मी पाहिले ते सगळे पन्नाशीचे. आपण गमावलेल्या वयासाठी ते रडत होते. ज्याचे ते वय आज चालू आहे त्याला रडावयाचे नसते. त्याला पुढे काय होणार हे हवे असते. आठवणीतल्या प्रेमाला शेवट ठाऊक असतो; वाटेत उभ्या असलेल्या प्रेमाला तो ठाऊक नसतो. या दोन वेगळ्या कादंबऱ्या आहेत, आणि दुसरी आपल्याकडे फार थोडी लिहिली गेली आहे.

याला कारण आहे, आणि ते लेखकांच्या आळसात शोधू नये. कुमारवय ही गोष्टच आपल्याकडे नवी आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाली, ती विधवांच्या दुःखाची. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून येऊ लागली. योगायोग असा की तिच्याही नायिकेचे नाव यमुना. ती स्वतःची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगते, आणि माझ्या मते कोवळ्या वयातील मुलीच्या मनाची मराठीतील ती पहिली मोठी कादंबरी आहे. पण ज्या वयात मुकुंद जोशी बाकावर बसून शिरोडकरची वाट पाहतो, त्या वयात यमुना सासरी नांदते आहे. बाहुली सोडली की पोळपाट-लाटणे. मध्ये काही नाही. मुलीचे लग्न चौदा वर्षांच्या आत नको, एवढे म्हणावयासही कायद्याला १९२९ साल उजाडावे लागले. शाळेने, आणि फक्त शाळेने, मुलीच्या आयुष्यात ही चार-पाच वर्षे नव्याने निर्माण केली. ती निर्माण केल्यावर त्यांत काय करावयाचे हे मात्र कोणी सांगितले नाही.

आमच्या या सुरतेत नर्मदने १८६६ साली ‘मारी हकीकत’ लिहिली. गुजरातीतील ते पहिले आत्मचरित्र. काही काळ रांदेरच्या शाळेत मास्तरकी केलेला हा कवी स्वतःच्या तारुण्याविषयी आडपडदा न ठेवता लिहिता झाला. आणि हे आपल्या हयातीत लोकांपुढे येऊ नये अशी तजवीजही त्यानेच केली. त्याच वर्षी सुरतेच्याच दुसऱ्या एका मास्तरांनी, नंदशंकर मेहतांनी, ‘करण घेलो’ ही गुजरातीतली पहिली कादंबरी प्रसिद्ध केली. तेव्हा शाळामास्तरांनी कादंबऱ्यांपासून दूर राहावे असे जे म्हणतात त्यांना निदान सुरतेत आधार नाही. आपल्याकडे विभावरी शिरूरकर या टोपणनावाआड एक शिक्षिकाच होती. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली निघाले तेव्हा उठलेले वादळ प्रसिद्ध आहे. तिच्या नायिका शिकलेल्या, अविवाहित, वयाने वाढलेल्या. तरी एवढा गहजब. चौदा वर्षांच्या मुलीचे मन कोणी लिहिले असते तर काय झाले असते?

अमेरिकेत ही वाट आपल्याआधी पडली. मॉरीन डेली या तरुणीने कॉलेजात असताना लिहिलेली ‘सेव्हन्टीन्थ समर’ १९४२ची. ज्युडी ब्लूम यांची ‘फॉरएव्हर’ १९७५ची. प्रेमात पडलेल्या मुलीला कथेच्या शेवटी मरावे लागत नाही अशी एखादी गोष्ट लिही, असे त्यांच्या मुलीनेच त्यांना सांगितले होते. त्या पुस्तकावर तेथील शाळांनी वर्षानुवर्षे बंदी घातली. म्हणजे कपाटात पुस्तके कोंडणाऱ्या शिक्षिका सर्वत्र आहेत, एवढे समाधान मला मिळाले. ‘फॉरएव्हर’ निघाली ते वर्ष आणि मुकुंद जोशीच्या नववीचा काळ एकच. त्यांनी ते वर्ष तेव्हाच लिहिले. आपण एकोणतीस वर्षांनी लिहिले.

आता तर अशा कादंबऱ्यांचा पूर आला आहे. इंग्रजी शाळांतील मुले त्या वाचतात, आणि त्यांवरचे चित्रपट-मालिका आमच्या मराठी माध्यमाची मुलेही भ्रमणध्वनीवर पाहतात. त्यांतील पुष्कळ मी वाचून पाहिल्या. काही साखरेच्या पाकात बुडविलेल्या आहेत. काही मात्र चांगल्या आहेत, आणि त्यांत प्रेमाच्या जोडीने दुसरी एक गोष्ट चालते: स्वतःचा स्वीकार. मी जाडी आहे, काळी आहे, आजारी आहे, इतरांहून वेगळी आहे. अशी जी मी, ती मला चालते का? आमच्या रविवारच्या धर्मशिक्षणात शेजाऱ्यावरील प्रीतीचा पाठ असतो. त्या आज्ञेचे माप म्हणून स्वतःवरील प्रीतीच घेतलेली आहे, हे मीही मुलांना वर्षानुवर्षे घाईघाईने सांगून पुढे जात असे. स्वतःचा तिटकारा असलेला मनुष्य शेजाऱ्याला काय देणार?

परंतु या कादंबऱ्यांतील नायिका स्वतःचा स्वीकार करते ती बहुधा आपल्या खोलीत, दार लावून घेऊन. हे दार मला फार खुपते. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत माझे विद्यार्थी राहतात. धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली ही कुटुंबे. एका खोलीत सहा माणसे, रात्रपाळीचा बाप दिवसा झोपलेला, आणि आवाज करावयाचा नाही. या मुलीने कोणते दार लावून घ्यावे? तिचा एकान्त म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकाच्या पोटातील तेवढी जागा. आणि तीच मी काढून घेतली होती.

आणि ‘स्वतः’ म्हणजे तरी कोण? ही मुलगी घरी अहिराणी बोलते, ‘मना-तुना’ म्हणते. वर्गात ‘माझा-तुझा’ म्हणते, आणि चुकून ‘मना’ आले तर वर्ग हसतो. रस्त्यावर गुजराती, चित्रपटांची हिंदी, आणि भावी सासरची माणसे विचारणार इंग्रजी येते का. कविता लिहावयाची झाली तर कोणत्या भाषेत लिहावी? मला हे ठाऊक आहे, कारण मी वसईची. आमच्या घरी कादोडी बोलत. शाळेत पहिल्या दिवशी मी तोंड उघडले आणि मुली हसल्या. ‘भाषा सुधार’ हा शेरा माझ्या प्रगतिपुस्तकावर तीन वर्षे होता. मी ती सुधारली. इतकी सुधारली की पुढे मराठीची शिक्षिका झाले आणि तोच शेरा दुसऱ्यांच्या प्रगतिपुस्तकावर लिहू लागले. लंपनच्या गोष्टी मला जवळच्या वाटल्या त्या सुमीपेक्षा या कारणाने: त्याच्या मराठीला बेळगावकडच्या कानडीचा वास आहे आणि लेखकाने तो धुऊन काढलेला नाही. अहिराणी बोलणाऱ्या मुलीला तशी कादंबरी मिळेल तेव्हा तिला स्वतःच्या स्वीकाराविषयी वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

आणखी एका पुस्तकाविषयी बोलले पाहिजे, जरी ते बोलणे मला सोपे नाही. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ साली आली. लेखक तेव्हा तरुण होता, आणि हे लिखाण त्याने विशीतच केलेले. मागे वळून न पाहता लिहिलेल्या मोजक्या मराठी कादंबऱ्यांतील ही एक. पुण्याच्या एका घरात भाडेकरू म्हणून आलेल्या तरुणावर बहीण आणि भाऊ दोघांचेही प्रेम बसते. बहीण अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते, एकटी परत येते, आणि सारे घर तिच्यासाठी हलते: रडते, रागावते, डॉक्टरांकडे नेते. भाऊ तनय याचेही तेवढेच गेलेले असते. पण त्याच्या दुःखाला त्या घरात नावच नाही. तो जेवणाच्या टेबलाशी बसून जेवतो. मुंबईच्या जेरी पिंटो यांनी २०१३ साली या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर केले, आणि माझी ओळख तिच्याशी उलट्या वाटेने, भाषांतरावरून झाली.

मी ज्या श्रद्धेत वाढले तिची या विषयावरील शिकवण मला माहीत आहे, आणि ती टाकून देण्यासाठी मी येथे आलेली नाही. अशा माणसांना आदराने व सहानुभूतीने वागवावे, हेही त्याच शिकवणीत लिहिलेले आहे. ते वाक्य आपण फारसे मोठ्याने वाचत नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का काढून टाकला. कायद्याचे झाले, वर्गाचे काय? बावीस-तेवीस वर्षांच्या माझ्या नोकरीत तनय माझ्या बाकांवर बसून गेला नसेल असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. ‘कोबाल्ट ब्लू’ मी नववीच्या कपाटात ठेवणार नाही. ती थोड्या मोठ्या वाचकांची आहे. पण नववीतल्या तनयला देता येईल असे दुसरे मराठी पुस्तक मला आठवत नाही, आणि ही गोष्ट मला टोचते.

पालक म्हणतील, बाई, तुम्हाला भीती वाटत नाही का? वाटते. २०१२ सालच्या बालसंरक्षणाच्या कायद्याने अठरा वर्षांखालील कोणाशीही शरीरसंबंध, मग त्यात संमती का असेना, गुन्हा ठरतो. आणि असे काही कळले तर ते कळविण्याचे बंधन आम्हा शिक्षकांवर आहे. कायदा आवश्यक होता; मुलांवर होणारे अत्याचार मी पाहिलेले आहेत. पण त्यामुळे झाले असे की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने मनातले काही सांगावयास सुरुवात केली की आमच्यातील निम्मे लोक ऐकण्याआधीच घाबरतात. जिथे माणसे ऐकू शकत नाहीत तिथे पुस्तक ऐकू शकते. वाचणाऱ्याचे नाव ते कोणाला सांगत नाही.

ती मुलगी परवा घरी आली होती. एकवीस वर्षांची झाली आहे. दुपारी नोकरी करते आणि सकाळी कॉलेज. ग्रंथालयाचे कार्ड पुन्हा काढले आहे, आता स्वतःच्या नावाने. पिशवीतून तिने एक इंग्रजी कादंबरी काढली, रेनबो रॉवेल यांची ‘एलेनॉर अँड पार्क’, २०१२ साली निघालेली. “बाई, तुम्ही म्हणायच्या ना, इंग्रजी गोष्टींतल्या मुलींना आपापली खोली असते. हिला नाही.” खरेच होते. एलेनॉर गरीब आहे, अंगाने स्थूल आहे, सावत्र बापाच्या धाकात आहे, आणि सगळ्या भावंडांसह एकाच खोलीत राहते. शाळेच्या बसमध्ये पार्क नावाच्या मुलाच्या शेजारची जागा हीच काय ती तिची. माझे एक लाडके विधान त्या मुलीने असे सहज खोडून काढले, आणि चहा मागितला.

चहा पिता पिता तिने सांगितले की तीही काही लिहिते आहे. एका मुलीची गोष्ट आहे, लिंबायतेतली. वर्णन मराठीत आणि बोलणे अहिराणीत. मी वही पाहावयास मागितली.

“दाखवीन,” ती म्हणाली, “पण बाई, त्या दिवशी लाल पेन शाळेतच ठेवून या.”

वही अजून आलेली नाही. पुस्तक मात्र माझ्याकडे आहे. त्यावर ग्रंथालयाचा शिक्का आहे, शनिवारी परत करावयाचे आहे, आणि माझी साठ पाने राहिली आहेत.